माळावरची तांबडी चिकट माती हलकी, मध्यम का भारी? (पाटण, सातारा)

तारळेखोरे:

नमस्कार मंडळी. तारळे खोऱ्यात वरच्या अंगाला, जिथनं अजून चढलं की पवनचक्क्यांचं पठार लागतं, तिथं आमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे. आजोबा होते तोवर नाचणी-वरी व्हायची, नंतर वीसेक वर्षं नुसतं गवत. मी आता पुण्यातनं परत आलोय, पाणी वर न्यायची सोय झालीय म्हणून आलं लावायचं डोक्यात आहे. पण जमीन कसली यावरच घरात एकमत होईना. चुलते म्हणतात तांबडी माळाची म्हणजे हलकीच, तिच्यात घालशील तेवढं कमीच. शेजारी म्हणतो पावसाळ्यात पायाला गोळे लागतात म्हणजे भारी, आलं कुजणार. खताच्या दुकानात सांगितलं मध्यम धरा.

माती परीक्षण करून आणलं, त्यात वाळू ३३ टक्के, पोयटा ३६, चिकणमाती ३१, पोत क्ले लोम असं लिहून आलंय. पीएच ६.२, ईसी (म्हणजे क्षारांचं प्रमाण) ०.१८, सेंद्रिय कर्ब ०.६८, स्फुरद कमी. आता यातनं मी काय समजू? क्ले लोम म्हणजे चिकण का पोयटा? आणि शास्त्रात अशा जमिनीचं नक्की नाव काय? जाणकारांनी जरा खुलासा करावा, बेणं बोलायच्या आधी मला हे पक्कं करायचंय.

विट्याचा_माळकरी:

भाऊ, आमची खानापूर तालुक्यातली माळाची जमीन, तिचाही रिपोर्ट बघितला तर चिकण २८-२९ टक्के येते, तुमच्या आसपासच. पण कुदळ मारली की वीतभर माती आणि खाली मुरूम. आम्ही तिला हलकीच म्हणतो आणि तिच्यात डाळिंब चांगलं येतं कारण पाणी थांबत नाही. म्हणजे टक्केवारी सारखी असून जमीन सारखी नाही. तुमची माती किती खोल आहे ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. एक खड्डा घ्या, त्याशिवाय इथं कुणीच काही खरं सांगू शकणार नाही.

मातीवाले_काका:

माझी सगळी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली, आता निवृत्त आहे, कराडजवळ राहतो. जरा सविस्तर लिहितो कारण हा घोळ मी शेकडो शेतकऱ्यांच्या तोंडावर बघितलाय.

पहिलं म्हणजे पोयटा हा शब्दच घात करतो. आपल्याकडं शेतकरी पोयटा म्हणतो तो नदीनाल्याचा बारीक गाळ, नर्सरीत पिशव्या भरायला आणतो तो. पुस्तकात मात्र एकदा पोयटा म्हणजे वाळू आणि चिकणमाती यांच्या मधल्या आकाराचे कण, आणि दुसऱ्यांदा पोयटा म्हणजे तिन्ही कण बऱ्यापैकी मिसळलेली जमीन. तुमच्या रिपोर्टात ३६ टक्के पोयटा लिहिलाय तो पहिल्या अर्थानं, आणि क्ले लोम मधला लोम दुसऱ्या अर्थानं. कणांचे आकार सांगायचे तर २ मिलिमीटरपासून ०.०५ पर्यंत वाळू, ०.०५ ते ०.००२ पोयटा, आणि ०.००२ पेक्षा बारीक ती चिकण. चिकण २७ ते ४० टक्के आणि वाळू २० ते ४५ टक्के असेल तर त्या पोताला क्ले लोम म्हणतात, म्हणजे चिकण पोयटा. तुमची बरोबर त्यात बसते. चिकण ४० च्या वर गेली असती तर नुसती चिकण म्हटलं असतं.

हे घरी पण तपासता येतं. मूठभर माती खडे काढून हळूहळू ओली करा, कणकेसारखी मळा आणि अंगठा नि बोटाच्या मधनं पट्टी बाहेर काढा. इंचभर व्हायच्या आत तुटली तर पोयटा, एक ते दोन इंच टिकली तर चिकण पोयटा, दोन इंचांच्या पुढं गेली तर चिकण. फक्त तांबड्या मातीला वेळ द्या, चांगली पाच मिनिटं मळा. कारण तिच्यात लोहाचे ऑक्साइड असतात, ते चिकणीचे कण एकमेकांना धरून बारीक रवाळ गोळ्या करतात आणि हाताला ती माती आहे त्यापेक्षा वाळसर वाटते. शेतात पण ती तशीच वागते, कागदावर चिकण भरपूर आणि पाणी मात्र झरझर आत घेते. तुमच्या चुलत्यांना हलकी वाटते ती त्यामुळं, ते चुकीचं बघत नाहीयेत.

दुसरी गोष्ट चिकण किती यापेक्षा कसली. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत स्मेक्टाइट जातीची चिकण, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल अशा भेगा पडतात. वर डोंगराकडं, जिथं पाऊस मरणाचा पडतो आणि चुना वगैरे सगळं धुऊन जातं, तिथं केओलिनाइट जास्त. ती फारशी फुगत नाही, भेगा नाहीत, पण अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद स्मेक्टाइटच्या मानानं खूपच कमी. म्हणून शेणखताशिवाय अशी जमीन चालत नाही. स्फुरद कमी आलाय त्याचं कारणही तेच लोह, ते स्फुरदाला बांधून ठेवतं, पिकाला मिळू देत नाही. स्फुरदाचं खत वरनं विस्कटू नका, शेणखतात मिसळून मुळाजवळ द्या.

आणि खड्डा घ्याच, दोन घ्या, एक वरच्या बाजूला एक खालच्या. मुरूम लागेपर्यंत किंवा तीन-साडेतीन फूट. थर कुठं बदलतो, रंग काय, ढेकूळ फोडल्यावर कसं फुटतं, आत चकाकी दिसते का, करडे ठिपके आहेत का, मुळं कुठवर गेलीत हे सगळं लिहून काढा, आणि प्रत्येक थराचा वेगळा नमुना पोतासाठी द्या. तुम्ही दिलेला नमुना वरच्या सहा-आठ इंचाचा असणार, खालचं त्यात काहीच कळत नाही.

वाळव्याचा_ऊसवाला:

काकांनी काळ्या जमिनीचं बरोबर सांगितलं. आमच्या मळीत चिकण पन्नासच्या वर, वाफसा यायला, म्हणजे ओल बेताची होऊन रान कसण्याजोगं व्हायला, पावसाळ्यात आठ आठ दिवस लागतात आणि पाणी जास्त झालं की मीठ वर येतं. तुमचा वाफसा पाऊस उघडल्यावर किती दिवसात येतो ते सांगा, त्यावरनं पण बरंच कळतं.

तारळेखोरे:

सगळ्यांचे आभार. गेल्या रविवारी दोन खड्डे घेतले, आज रिपोर्ट आला म्हणून आता लिहितोय.

वरचा खड्डा. पहिले १८ सेंटिमीटर तांबूस तपकिरी, भुसभुशीत, गवताच्या मुळ्यांनी भरलेली, चिकण ३१. त्याखाली ६५ पर्यंत जास्त तांबडी, घट्ट, ढेकूळ कोनाकोनानं फुटतं आणि फुटलेल्या बाजूला मेण लावल्यासारखी चकाकी दिसते, चिकण ३९. मग पिवळट मुरूम आणि मातीचं मिश्रण, ८० ला नुसता मुरूम. मुळं ५५ पर्यंत सापडली. चुनखडीचा एक खडा नाही.

खालचा खड्डा चाळीस पावलांवर. वरची माती तशीच, पण ४५ सेंटिमीटरच्या खाली तांबड्यात करडे आणि गंजाच्या रंगाचे ठिपके, ७० ला काळपट बारीक गोळ्या, ९५ पर्यंत मुरूम नाही. मुळं ४० लाच थांबलेली. वाफसा वरच्या बाजूला दोन-तीन दिवसात येतो, खालच्या बाजूला दिवाळीपर्यंत पाय रुततो, हे मला चुलत्यांनी आता सांगितलं! आधी कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

जुने_कागद:

मधेच लिहितो, खालच्या खड्ड्यासारख्या, आतनं पाणी पाझरून ओल्या राहणाऱ्या जमिनीला चुलत्यांना बहुतेक शब्द पण माहीत असेल, उपळवट. इंग्रज अमदानीत विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५ ला इंदापूरपासनं जमीन मोजणीची जी पद्धत बसवली तिच्यात प्रतबंदी करताना मातीचा रंग-पोत आणि खोली बघून जमिनीला सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती लावायचे आणि मग दोष बघून प्रत खाली आणायचे. चुनखड (चुनखडीची), वलसर (वाळूची), उतारवट (उताराची), उपळवट असे दोषांचे शब्द होते. १८४८ ला सातारा खालसा झाल्यावर ही पद्धत इकडंही आली. म्हणजे खोली आणि पाणी या दोन गोष्टी त्या वेळच्या कारकुनालाही खड्डा घेऊनच बघाव्या लागत होत्या. मला तर ती पद्धत आजच्या हलकी-मध्यम-भारीपेक्षा जास्त बारकाईची वाटते.

मातीवाले_काका:

फार छान खड्डे घेतलेत, कृषी पदवीधर पण इतकं नीट लिहीत नाहीत. आता वर्गीकरण.

आधी आपलं नेहमीचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या कोरडवाहू ज्वारीच्या शिफारशीत ३० सेंटिमीटरपर्यंत खोल ती हलकी, ६० पर्यंत मध्यम आणि त्याहून खोल ती भारी, म्हणून हलकीला फुले माऊली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा असे वाण वेगळे. त्या हिशेबानं तुमची वरची मध्यम आणि भारीच्या सीमेवर बसते. पण हा हिशेब पूर्वेकडच्या कमी पावसाच्या काळ्या जमिनीत ओल किती टिकेल यासाठी केलेला आहे, डोंगराकडच्या तांबड्या मातीला तो तसाच लावून चालत नाही, दुकानदारानं तिथंच गफलत केली.

शास्त्रीय नाव म्हणाल तर नागपूरचं मृदा सर्वेक्षणाचं ब्यूरो अमेरिकन पद्धत वापरतं, त्यात एकूण बारा गण, म्हणजे जमिनीचे मोठे वर्ग. तुमच्याकडं भेगा नाहीत म्हणजे काळ्या जमिनीचा व्हर्टिसॉल गेला. माती खोल आहे, थर बनलेत, म्हणजे विट्याच्या मुरमाडासारखा एन्टिसॉल पण नाही. राहिले दोन-तीन. खालच्या थरात चिकण वरच्यापेक्षा निदान १.२ पट पाहिजे, तुमचं ३१ चं ३९ म्हणजे सव्वापट, आणि वर ती मेणासारखी चकाकी. ती चकाकी म्हणजे वरनं पाण्याबरोबर वाहून आलेली चिकण ढेकळाच्या अंगावर बसलेली. हे दोन्ही खरं असेल तर तो चिकण साठल्याचा थर, आणि मग गण अल्फिसॉल. अट एक, मातीत कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या अल्कलींची संपृक्तता ३५ टक्के किंवा वर पाहिजे, खाली असेल तर अल्टिसॉल. तुमचा पीएच ६.२ आहे म्हणजे मला अल्फिसॉलच वाटतो, पण ती तपासणी खालच्या थराच्या नमुन्यावर करून घ्या. चकाकी नुसती दाबामुळं आलेली निघाली तर मग इन्सेप्टिसॉल, म्हणजे थर अजून पुरते न घडलेली जमीन. भिंगातनं बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. खालच्या थरात चिकण ३५ च्या वर म्हणून कणांच्या गटात ती फाईन, म्हणजे बारीक कणांची; वर चिकण पोयटा आणि आत चिकण त्याहून जास्त अशी ही जमीन.

काही जण तुम्हाला सरळ जांभ्याची जमीन म्हणतील. पठाराच्या माथ्यावर जांभा आहे, तुमच्याकडं त्याची झीज उतरून आली असणार, रंग तिथला. पण खाली तुम्हाला बेसॉल्टचा मुरूम लागलाय, जांभा नाही. दोन्हींची मिसळ समजा.

खालच्या खड्ड्याचं मात्र ऐका. तांबडा रंग म्हणजे लोहाला हवा मिळतेय, करडा म्हणजे तिथं पाणी इतके दिवस साठतं की हवा संपते आणि लोह विरघळून निघून जातं. काळ्या गोळ्या मँगनीजच्या, त्याच गोष्टीची खूण. रिपोर्टात दोन्हीकडं क्ले लोमच येणार, कारण वरची माती तीच. आल्याला मात्र वरचा तुकडा आणि खालचा तुकडा या दोन वेगळ्या जमिनी आहेत. खाली लावलंत तर कंदकूज ठरलेली.

तारळेखोरे:

काका, खूप मोठं काम केलंत. चुलत्यांना वाचून दाखवलं, उपळवट शब्दावर ते लगेच म्हणाले अरे आमचा बाप तिथं भातच लावायचा. मग असं ठरवलंय की वरच्या सव्वा एकरात गादीवाफे करून आलं, खालच्या पट्ट्यात यंदा नुसतं भात. मधे चर काढायचा झाला तर कुठं आणि किती खोल?

मातीवाले_काका:

करडे ठिपके जिथनं सुरू होतात त्याच्या वरच्या अंगाला, उताराला आडवा, थोडासा ओघळाकडं ढाळ देऊन. कुठून सुरू होतात ते कळायला दोन खड्ड्यांच्या मधे दहा-दहा पावलांवर पहारीनं अडीच फूट भोकं पाडून बघा. चर निदान त्या ठिपक्यांच्या थरात अर्धा फूट शिरला पाहिजे, म्हणजे दोन फूट तरी. मातीचा भराव खालच्या बाजूला टाका. आणि हे मे संपायच्या आत करा, एकदा ओली झाली की ती माती खोऱ्याला सोडत नाही.