कॅन्सरच्या पेशींवर पीएचडी म्हणजे नक्की काय करतात? पोरगी हट्टाला पेटली आहे

दूधगंगाकाठ

नमस्कार. कागल तालुक्यातला आहे, ऊस आणि गुऱ्हाळ एवढंच आमचं. थोरली मुलगी यंदा शिवाजी विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली. आता पीएचडी करायची म्हणते, ती पण कॅन्सरवर. विषय काय म्हणून विचारलं तर वहीच्या मागच्या पानावर "कर्करोगाचे रेणवीय जीवशास्त्र" असं लिहून दिलं. वाचलं. कळलं काहीच नाही.

तिचं मन तिकडं का ओढतंय ते मला ठाऊक आहे. माझे थोरले भाऊ २०१८ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेले. अठ्ठेचाळीस वय. आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, तेच. रात्रभर रसाच्या काहिलीपुढं उभं राहायचं म्हणून गालात तंबाखू-सुपारीचा मावा, दिवसाला सात-आठ पुड्या. आधी तिखट सोसेना झालं. मग तोंड उघडेना. भाकरी दुधात कुस्करून खायचे आणि आम्ही म्हणायचो, दाढ दुखत असेल. पोरगी तेव्हा अकरावीत. दवाखान्यात जाताना फाइल कायम तिच्या मांडीवर असायची.

हे लोक प्रयोगशाळेत दिवसभर करतात काय? पाच-सहा वर्षं घालवून औषध निघतं का? आणि एक गोष्ट, जी मी घरात कुणाला विचारलेली नाही. पोरगी सांगते की कॅन्सर हा जनुकांचा आजार आहे. पाहुण्यांसमोर तिनं हे सांगितल्यापासून "म्हणजे यांच्या घराण्यातच आहे" असं बोललं जातंय. गडहिंग्लजकडचं एक स्थळ होतं, त्यांचा फोन यायचा थांबला. खरंच आमच्या रक्तात आहे का हो?

नेटपास

काका, पैशाचं तेवढं मी सांगतो. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. हातात पडायला मात्र कधी चार-चार महिने लागतात, तेवढी शिल्लक घरात ठेवा. जेआरएफ नसेल तर आधी ती परीक्षा देऊ दे, एक वर्ष गेलं तरी चालेल. माझी पीएचडी पाच वर्षं आठ महिने चालली. मधे दोनदा सोडून द्यावीशी वाटली, सोडली नाही हे बरं झालं. बाकीचं जाणकार सांगतील.

सागरमाळ

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. तुमची झोप तिथं अडकली आहे.

जनुकीय वेगळं आणि आनुवंशिक वेगळं. आपण एका शब्दाच्या जागी दुसरा वापरतो आणि घराघरांत असे घोळ होतात. तुमच्या भावांच्या गालाच्या आतल्या पेशींमधली जनुकं बिघडली. मावा जिथं धरायचे, तिथली. तंबाखूतली नायट्रोसमाइन्स नावाची रसायनं पेशीत शिरून डीएनएला चिकटतात. सुपारी आणि चुना मिळून ती जागा सतत चरचरती ठेवतात, पेशी मरतात, नव्या होतात, आणि प्रत्येक वेळी नक्कल करताना चुका वाढत जातात. वर्षानुवर्षं असं चालतं. तो बिघाड त्यांच्या गालात होता आणि त्यांच्याबरोबरच गेला. तो त्यांच्या मुलांतही उतरत नाही, मग पुतणीत कुठून येणार?

जन्मतःच बिघडलेलं जनुक घेऊन आलेल्यांना कॅन्सर होऊ शकतो, हे खरं आहे. पण असे कॅन्सर शंभरात पाच ते दहा. तिथं घराचं चित्रच वेगळं दिसतं, म्हणजे एकाच रक्ताच्या नात्यात तीन-चार जणांना, तेही ऐन तिशी-चाळिशीत, स्तनाचा नाहीतर अंडाशयाचा. तसं असेल तर जनुकीय समुपदेशन जरूर घ्यावं. मावा खाणाऱ्या एका माणसाला तोंडाचा कॅन्सर झाला म्हणून घराण्यावर बोट ठेवणं हा अन्याय आहे. गडहिंग्लजच्या मंडळींना हे वाचून दाखवा. आणि हे वाचूनही फोन आला नाही, तर ते घर तुमच्या मुलीसाठी नव्हतंच.

आता आम्ही करतो काय. मी कोल्हापुरातच एका प्रयोगशाळेत बारा वर्षं एका प्रथिनाच्या मागे आहे. त्याचं नाव पी५३. हे तुम्हाला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळेल, कारण तुमचं गुऱ्हाळ आहे. काहील कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, आणि त्यानं सांगितल्याशिवाय कुणी काहिलीला हात लावत नाही. पेशी एकीच्या दोन होण्याआधी पी५३ असंच उभं असतं. डीएनएत खोट दिसली की विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि खोट दुरुस्तीच्या पलीकडं गेली असेल तर त्या पेशीला मरायला लावतं. माणसांतल्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये याचं जनुक बिघडलेलं सापडतं. ते सतराव्या गुणसूत्रावर असतं. प्रथिन म्हणजे ३९३ अमिनो आम्लांची माळ. त्यातला एक मणी बदलला, समजा २७३व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलं, तरी त्याची डीएनएवरची पकड सुटते.

आमच्याकडं जिभेच्या कॅन्सरच्या पेशी चपट्या बाटल्यांत वाढतात, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या. ३७ अंशांची पेटी, आत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यांचं अन्न गुलाबी रंगाचं असतं. पेशी वाढल्या, आम्ल सोडू लागल्या की ते पिवळं पडतं. सकाळी पेटी उघडून मी आधी रंग बघते. पिवळं असेल तर अन्न बदलायचं. गढूळ असेल तर जंतू शिरले, तीन आठवड्यांचं काम फेकून बाटली धुवायची.

मग आम्ही प्रथिनं वेगळी करून एका पडद्यावर उतरवतो, तिथं पी५३ची काळी पट्टी उमटते. ज्या पेशींत पी५३ शाबूत आहे तिथं ती एरवी दिसतच नाही, कारण तयार झालं की पेशी ते लगेच मोडून टाकते. सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध घालून डीएनएला इजा केली की काही तासांत पट्टी येते. आता पी५३ बिघडलेल्या पेशी घ्या. औषध न घालताच पट्टी जाड, काळीकुट्ट. पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, नमुन्यांची अदलाबदल केली. परत केलं. तेच आलं. बिघडलेलं पी५३ मोडलंच जात नाही, साचत राहतं. गुळव्या काहिलीपुढं उभा आहे, पण त्याची नजर गेली आहे आणि जागाही तो सोडत नाही. शिवाय हे प्रथिन चौघांच्या जुळणीनं काम करतं, त्या चौघांत एक बिघडलेला घुसला की उरलेल्यांचंही काम बसतं.

हीच फसगत सगळ्या जगाची झाली होती. पी५३ सापडलं १९७९ मध्ये. गाठींमध्ये ते भरपूर दिसायचं, म्हणून दहा वर्षं समज असा की हेच कॅन्सर करतं. पुढं कळलं की प्रयोगांत वापरलेल्या जनुकाच्या नकलाच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये चित्र उलटलं, हे तर कॅन्सर रोखणारं निघालं. मी ती पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहे, म्हणून त्या दहा वर्षांबद्दल मला कुणाला नावं ठेवावीशी वाटत नाहीत.

औषध निघतं का? निघतं, पण एकीच्या हातून आणि पाच वर्षांत नाही. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये एक गुणसूत्र आखूड दिसतं, हे १९६० मध्ये फिलाडेल्फियात दोघांनी बघितलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेत, हे जॅनेट रोली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या चुकीच्या जोडातून तयार होणाऱ्या प्रथिनावर नेम धरणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. एक्केचाळीस वर्षं. त्यामुळं आज तो आजार असलेली माणसं रोज गोळी घेऊन कामावर जातात. ज्यांनी १९६० मध्ये भिंगातून बघितलं, त्यांच्या डोक्यात गोळी नव्हती.

मुलीला एक सांगा. पेशी वाढवण्याची विद्या आपल्या देशात रुजवणाऱ्यांत पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे होत्या, मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात. तिनं त्यांच्याबद्दल वाचावं. आणि धीर हवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा आमचा द्रव नायट्रोजनचा टँकर पलीकडंच अडकला. गोठवलेल्या पेशींच्या कॅनमध्ये मोजपट्टी बुडवली तर चार बोटं उरलं होतं. शेवटी म्हशींना कृत्रिम रेतन करणाऱ्या एका दादांनी त्यांच्या कॅनमधलं ओतून दिलं. त्या कॅनमधल्या पेशी आजही वाढतात.

बार्शीकर

सागरमाळ ताईंनी पी५३चं सांगितलं, त्याला आमच्याकडचा एक धागा जोडतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पी५३ बहुतेक वेळा शाबूत असतं, पण एचपीव्ही विषाणूचं ई६ नावाचं प्रथिन त्याला पकडून मोडायला लावतं. या कॅन्सरमागं हा विषाणू आहे हे शोधणारे हाराल्ड त्सुर हाउझेन, २००८ चं नोबेल त्यांना मिळालं. विषाणू कळला म्हणून त्याची चाचणी झाली, आणि त्या चाचणीची मोठी परीक्षा झाली आमच्या बाजूला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचं धाराशिव. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची जीप गावोगाव फिरली, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बाया अभ्यासात होत्या. निकाल २००९ मध्ये छापून आले. आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. माझी मावशी त्या गावांतलीच. देवळापुढं जीप थांबली की आधी सरपंचाच्या बायकोला पुढं करायचे, मग बाकीच्या यायच्या. काका, पेशीतल्या प्रथिनापासून देवळापुढच्या जीपपर्यंत रस्ता असा जातो.

दूधगंगाकाठ

सगळं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. गुळव्याचं आलं तिथं दोघंही थांबलो. भावांच्या डोळ्यात शेवटी काहीच कमी नव्हतं, पण सांगायचं ते कळलं मॅडम. पोरगी म्हणते ती पट्टी तिनं एम.एस्सी.ला एकदा बघितली आहे.

एक विचारायचं राहिलं. वीस वर्षं मी पण मावा खाल्लाय, भाऊ गेल्यावर सोडला. आज आरशापुढं तोंड उघडून बघितलं. दोन बोटं उभी जातात, तिसरं अडतं. तिखट पण अलीकडं लागतं जरा. हे काय समजायचं?

सागरमाळ

दादा, तीन बोटं जायला हवीत. तुम्ही सांगताय ते ऐकून मला सबम्युकस फायब्रोसिसची शंका येते, सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते तो आजार. तो कॅन्सर नव्हे, पण काहींत त्यातून कॅन्सर होतो, म्हणून नजरेखाली राहावं लागतं. इथं विचारून भागणार नाही. सरकारी दवाखान्याच्या दंतविभागात जा, "तोंड उघडत नाही, पूर्वी मावा खायचो" एवढंच सांगा, ते गाल आतून चाचपून बघतील. पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर तुकडा तपासायला सांगतील, त्याला नाही म्हणू नका. मावा सोडलात हे फार मोठं केलंत. उद्याच जा.

दूधगंगाकाठ

उद्या ऊसतोड आहे. मुकादमाला सांगितलंय, परवा सकाळी निघतो. पोरगी येणार सोबत.