मंदी अमेरिकेतली, मग हप्ते हंगेरीत का वाढले?

सातारकर_अभ्यासू:
राज्यसेवेसाठी २००८ च्या मंदीच्या नोट्स काढतोय. हंगेरीच्या बँकांकडे अमेरिकेतले सबप्राइमचे (परतफेडीची खात्री नसलेल्यांना दिलेल्या घरकर्जांचे) कागद फारसे नव्हते म्हणतात. तरी लेहमन ही अमेरिकी बँक १५ सप्टेंबरला बुडाली आणि ऑक्टोबर संपेपर्यंत हंगेरी नाणेनिधीच्या दारात! पुस्तकात 'निर्यात घटली' एवढंच दिलंय. कुणी नीट सांगेल का?

चकलीभाजणी:
निर्यात घटली हे खरंच आहे की. तिथल्या मोटार कारखान्यांचं मोठं गिऱ्हाईक जर्मनी. त्यानं हात आखडला की संपलं.

दुनाकाठचा_पुणेकर:
ताई, निर्यातीचा फटका नंतर जाणवला. आधी लोकांचं कंबरडं मोडलं ते घरकर्जानं. मी तेव्हापासून बुडापेस्टात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोरिंटमधलं (हंगेरीच्या चलनातलं) कर्ज महाग, स्विस फ्रँकमधलं निम्म्या व्याजानं. पगार फोरिंटमध्ये असला तरी लोकांनी सर्रास फ्रँकचं कर्ज काढलं. आमच्या अकाउंट्समधल्या बाईंनीही काढलं, आणि त्या हिशेबाला कच्च्या नव्हेत! गणित बघ: फ्रँक १६० फोरिंटला असताना १ कोटी फोरिंट घेतले, म्हणजे ६२,५०० फ्रँकचं देणं. फ्रँक २४० वर गेला की तेच देणं दीड कोटी. २०११ मध्ये तो त्याच्याही वर गेला होता. शिवाय करारात बँकेला व्याज एकतर्फी वाढवायची मुभा. आणि कर्ज देताना बँक फ्रँकचा खरेदीचा दर लावायची, हप्ता घेताना विक्रीचा. (हा दुहेरी दर २०१४ मध्ये कोर्टानं आणि संसदेनं मोडीत काढला, पण तोवर बरेच हप्ते जाऊन चुकले होते.) बाई सकाळी कोट काढायच्या आधी फ्रँकचा भाव बघायच्या.

आता लेहमनचा संबंध. बँका हे फ्रँक आणायच्या कुठून? काही परदेशी मालक बँकांकडून, बाकी थोड्या मुदतीच्या स्वॅपवर, म्हणजे एक चलन देऊन ठराविक काळासाठी दुसरं घ्यायच्या करारावर. लेहमननंतर स्वॅप मिळेनासे झाले. परदेशी गुंतवणूकदारांनी हंगेरीचे सरकारी रोखे विकायला काढले, फोरिंट कोसळला. मग नाणेनिधी, युरोपीय संघ आणि जागतिक बँक मिळून २० अब्ज युरोंचं पॅकेज.

सातारकर_अभ्यासू:
मग त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर कमी का नाही केले? सगळं जग करत होतं.

दुनाकाठचा_पुणेकर:
उलट वाढवले! २२ ऑक्टोबरला ८.५ वरून थेट ११.५ टक्के. दर उतरवले असते तर फोरिंट आणखी पडला असता आणि घराघरातले हप्ते आणखी फुगले असते. मंदीत औषध हाताशी असून देता येत नाही, ते असं. २००९ मध्ये अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांहून जास्त आकसली.

निवृत्त_फॉरेक्स:
याच्या शेजारी आपली रिझर्व्ह बँक ठेवून बघा. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ मध्ये रेपो (ती बँकांना कर्ज देते तो दर) ९ वरून ४.७५ टक्के. डॉलर चाळिशीतून पन्नाशीला गेला तरी हे जमलं, कारण आपल्याकडे सामान्य माणसाला घरासाठी परकी चलनात कर्ज घेताच येत नव्हतं. या बंधनाला आम्ही बँकवाले तेव्हा मागासलेपणा म्हणायचो.

पण फार शेखी नको. तिरुपूरच्या होजिअरी निर्यातदारांना २००७ च्या सुमारास बँकांनी 'हेजिंग' (चलनाच्या चढउतारापासून संरक्षण) म्हणून जे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे चलनाच्या भावावर बेतलेले करार, गळ्यात मारले, त्यातले कितीतरी याच स्विस फ्रँकवर बेतलेले होते. माल डॉलरमध्ये विकणाऱ्याचा फ्रँकशी काय संबंध? प्रकरणं कोर्टात गेली.

चकलीभाजणी:
आणि पोलंड? तिथंही फ्रँकची कर्जं होती ना?

दुनाकाठचा_पुणेकर:
होती, पण २००९ मध्ये युरोपीय संघात वाढलेला तो एकटाच देश. देशांतर्गत बाजार मोठा आणि त्यांचं चलन झ्लोटी पडल्यानं निर्यातीला टेकू मिळाला. मात्र १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेनं युरोशी बांधलेला दर सोडला आणि फ्रँक एका दिवसात उसळला, तेव्हा पोलिश कर्जदार उघड्यावर सापडले. हंगेरीनं कर्जं फोरिंटमध्ये वळवायचा दर आदल्याच नोव्हेंबरात २५६ च्या आसपास बांधून टाकला होता. आमच्या बाई त्यात सुटल्या, फक्त घेतलं त्याहून बऱ्याच जास्त मुद्दलावर.