विषय: गावाकडचा ट्रॅक्टर, पेरणी यंत्र आणि मागायला येणारी भावकी

मूळ तालुका: गेवराई

मंडळी, नमस्कार.

मृग तोंडावर आला. ट्रॅक्टर इकडून पैसे पाठवून घेतलेला, चावी गावाकडं वडिलांच्या खुंटीला, आणि भावकीतलं कुणीतरी रोज सकाळी ओसरीवर. वडिलांच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. आपण फोनवरून म्हणावं तर ‘परदेशात गेला आणि माणसं विसरला’ हे ठरलेलं. नातं ठेवून हद्द कशी आखायची? मोघम नको, औजारागणिक सांगा.

मूळ तालुका: औसा

वडिलांना ‘नाही’ म्हणावं लागेल असा कुठलाच नियम गावात टिकत नाही. म्हणून औजार द्यायचं नाही, काम द्यायचं. ‘ट्रॅक्टर द्या’ म्हणून आलेल्याला ‘रान किती आहे, कधी पाठवू?’ एवढंच विचारायचं. ट्रॅक्टर आपल्याच ड्रायव्हरसोबत जातो, काम करतो आणि संध्याकाळी आपल्याच गोठ्यापुढं उभा राहतो.

पूर्वी वारंगुळा होता. तुझी बैलं दोन दिवस माझ्या रानात, माझी दोन दिवस तुझ्या. वही नव्हती, पण हिशोब दोघांनाही तोंडपाठ. ट्रॅक्टर आला तशी हिशोबाची एक बाजू गळाली, कारण समोरच्याकडं परत द्यायला ट्रॅक्टरच नाही. तो डिझेल टाकतो आणि फिटलं म्हणतो. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच, टायर यांची झीज त्याला दिसत नाही, कारण ती त्याच्या रानात दिसत नसते. दोन महिन्यांनी आपल्या रानात दिसते.

सगळ्यात जास्त मार रोटरला, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या औजाराला. ६ फुटी रोटरला साधारण ४२ पाती असतात. मुरमाड रानात चालवला की पाती झिजतात, बोल्ट ढिले होतात. ते निदान डोळ्याला दिसतं. खरा घात शाफ्टच्या टोकाला होतो. रानात पडलेली ठिबकची जुनी नळी किंवा सुतळी शाफ्टला गुंडाळली जाते, सरकत सरकत बेअरिंगपाशी जाते आणि ऑइल सील कापते. तेल थेंब थेंब गळतं, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढच्या हंगामात बेअरिंग जळतं. तोवर रोटर तीन घरं फिरून आलेला असतो, मग बोट कुणाकडं दाखवणार? दुसरी खोड म्हणजे धुऱ्यावर वळताना पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या जोरावर रोटर फिरवणारा दांडा, चालू ठेवूनच रोटर उंच उचलणं. त्या कोनात दांड्याच्या सांध्यातला क्रॉस तुटतो.

म्हणून रोटर परत आला की पाच मिनिटं मोडायची. शाफ्टची दोन्ही टोकं हातानं चाचपून गुंडाळा कापून काढायचा, बेअरिंगखालची माती तेलकट आहे का बघायचं, गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी तपासायची, आणि पाती धरून हलवायची. जाताना आणि येताना तास-मीटरचा आणि डिझेलच्या काट्याचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर. गटावर टाकला की कुणी वाकड्यात शिरत नाही. जुन्या यांत्रिक मीटरचा तास इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजला जातो, त्यामुळं घड्याळाशी तो तंतोतंत जुळत नाही. त्यावरून भांडू नका.

मूळ तालुका: सेलू

औसेकरांशी सहमत, पण पेरणी यंत्राला एवढ्यानं भागत नाही. रोटर आज नाही तर उद्या चालतो. पेरणी वाफशावर असते, म्हणजे रानातली ओल पेरण्याजोगी झाली की, आणि काळ्या रानात वाफसा दोन-चार दिवसांत निघून जातो. सगळ्या भावकीला यंत्र त्याच दोन दिवसांत हवं असतं. तेव्हा नंबर आधी लावा, पाऊस पडायच्या आधी. पहिलं आपलं रान, मग चुलत्यांचं, मग बाकीचे. कागदावर लिहून ओसरीवर चिकटवा. वाफसा आला की गावाकडं सकाळचे सहा आणि न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेआठ. तेव्हा फोनवर निवाडा करत बसायची पाळी येऊ नये.

यंत्र दुसऱ्याच्या रानातून आलं की दोन गोष्टी बिघडलेल्या असतात. एक, खताची पेटी. तळाला राहिलेलं खत रात्रीतून ओल धरतं, दगड होतं आणि एखादी नळी बंद पडते. वरून काही कळत नाही. दहा दिवसांनी उगवण झाली की सरळ रेषेत एक ओळ खुजी दिसते. पेटी रिकामी करून, धुऊन, वाळवूनच परत घ्या. दोन, बियाण्याचं माप. त्यांनी हरभऱ्याला किंवा तुरीला लावलेलं असतं, आपण तसंच सोयाबीन पेरतो.

माप असं तपासा. यंत्र उचलून चाक अधांतरी धरा, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि चाक २० वेळा फिरवा. चाकाचा व्यास ४० सेंमी असेल तर एका फेऱ्याला सव्वा मीटर, २० फेऱ्यांना २५ मीटर. ४५ सेंमीवर ५ दाती म्हणजे सव्वादोन मीटर रुंदी, एकूण क्षेत्र सुमारे ५६ चौरस मीटर. हेक्टरी ७५ किलो सोयाबीन हवं असेल तर पाचही पिशव्यांत मिळून ४२० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे, नळीमागं ८५ ग्रॅम. एका पिशवीत ५० आणि दुसरीत ११० आलं तर बेरीज बरोबर असूनही पेरणी चुकली. रानात चाक थोडं घसरतं, त्यामुळं तिथं जरा कमीच पडतं, हे धरून चाला.

मूळ तालुका: मानवत

फवारणीचा पंप मात्र कुणालाही देऊ नका. सख्ख्या भावालाही नाही.

कारण टू-फोर-डी हे तणनाशक. ऊस, ज्वारी, गव्हातल्या रुंद पानाच्या तणासाठी लोक ते मारतात, पंप दोनदा हिसळतात आणि परत आणून देतात. नळीच्या आणि वायसरच्या रबरात ते मुरलेलं असतं. पुढं आपण त्याच पंपानं कपाशीवर कीटकनाशक मारलं की नवी पानं भेंडीसारखी फाटलेली निघतात, शेंडा वाकडा होतो. कपाशी आणि तूर, दोन्ही त्याला फार नाजूक.

दिलाच असेल तर १६ लिटरच्या पंपात आधी साधं पाणी तीनदा. औषध तेलकट, म्हणजे ईस्टर प्रकारचं असेल तर त्यानंतर थोडं रॉकेल खळखळवून ओता. मग पाण्यात १६० मिली घरगुती अमोनिया घालून टाकी भरा, थोडं नळी-नोझलमधून बाहेर सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी नोझल आणि जाळी काढून धुवा, परत दोनदा स्वच्छ पाणी. एवढं करून चार तुरीच्या रोपांवर त्याच पंपातलं साधं पाणी मारा आणि दोन दिवस थांबा. शेंडे मुरडले तर तो पंप कायमचा तणनाशकाचा. झाकणाला लाल रंग लावा. मागणाऱ्याला हवा तर तोच द्या.

मूळ तालुका: कळंब

एक बाजू राहिली. ‘काम द्या’ ठीक, पण एकरी दर लावला की ते भाडं होतं. शेतीच्या वापरासाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्यानं चालतो हे पुढं आलं तर विम्याचा दावा अडू शकतो. पैसे घेणार असाल तर पॉलिसी त्याप्रमाणं करून घ्या, आणि ट्रॉलीचा विमा वेगळा आहे का तेही बघा.

चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेला ट्रॉलीत माणसं भरून न्यायला ट्रॅक्टर मागतात. तिथं साफ नकार. विमा ट्रॉलीतल्या माणसांचा धरलेला नसतो, आणि अपघात झाला तर भरपाई मालकाच्या गळ्यात. चुलत्याचं सोळा वर्षांचं पोरगं रस्त्यावर चालवत असेल तर आणखी वाईट. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, वर गाडीची नोंदणी एक वर्षासाठी रद्द. ‘कागदावर बाबांचं नाव आहे, पोलीस बाबांना नेतील’ हे वाक्य भावकीत चालतं. ‘मला आवडत नाही’ चालत नाही.

मूळ तालुका: गेवराई

सगळं पटलं. पण दाजींचं काय? बहिणीच्या घरी दराचा कागद कसा दाखवणार?

मूळ तालुका: औसा

दाखवायचाच नाही. दाजींच्या रानात ट्रॅक्टर आपला, ड्रायव्हर आपला, डिझेलसुद्धा आपलं. वर्षाला सहा तास, आणि ते बहिणीला दिवाळीलाच सांगून टाकायचं, ओवाळणीच्या ताटात घातल्यासारखं. सातव्या तासाला ड्रायव्हर किल्ली काढून खिशात टाकतो आणि चहाला बसतो. दाजी त्याच्यावर चिडतील. चिडू द्या, त्याला दाजींच्या घरी भाऊबीजेला जायचं नसतं.