शब्दचर्चा: तंतूंवरची 'केमिकल ट्रीटमेंट' – उपचार, प्रक्रिया की संस्करण? आणि क्षार की अल्क?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, ज्यूट, घायपात, काथ्या, केळीच्या खोडाचे तंतू असे वनस्पतींचे तंतू प्लास्टिकमध्ये नाहीतर रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) घालून कंपोझिट म्हणजे मिश्र साहित्य बनवतात त्यावर मराठीत लेख लिहितेय. बाकीचं जमतंय पण एका जागी सारखं अडतंय. तंतू आहे तसा रेझिनमध्ये घातला तर नीट धरत नाही म्हणून आधी त्याला केमिकल ट्रीटमेंट देतात, सगळ्यात सर्रास म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायचं, धुवायचं, वाळवायचं. ह्याला रासायनिक उपचार लिहिलं तर दवाखाना डोळ्यापुढे येतो, आणि प्रक्रिया म्हणावं तर तंतू सोलणं, विंचरणं, कातणं ह्या पण प्रक्रियाच की. एका पुस्तकात संस्करण दिसलं. शिवाय ह्या कॉस्टिकच्या, म्हणजे अल्कली ट्रीटमेंटला कुठे क्षारप्रक्रिया, कुठे अल्कप्रक्रिया, कुठे थेट मर्सरायझेशन म्हटलंय. हे तिन्ही एकच आहे का?

प्रतिसाद:
आधी क्षाराचं बघू, कारण तिथे अर्थच उलटतो. शाळेत आपण शिकलो आम्ल, आम्लारी आणि दोघांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर तयार होतो तो क्षार. म्हणजे मीठ हा क्षार. पाण्यात विरघळणारा आम्लारी तो अल्क, म्हणून तर सोडियम, पोटॅशियम हे अल्क धातू. आता मराठी माध्यमातल्या मुलाने 'ज्यूटवर क्षारप्रक्रिया केली' असं वाचलं तर तो समजणार की ज्यूट मिठाच्या पाण्यात बुडवला, आणि त्याचं काही चुकलं नाही. हिंदीत मात्र क्षार म्हणजेच अल्कली आणि सॉल्टला लवण, त्यामुळे हिंदीवरून उचललेल्या मजकुरात क्षार येतो आणि तसाच राहतो.

पण हा अर्थ निव्वळ हिंदीतून आलाय असंही नाही बरं का. आयुर्वेदातला क्षार म्हणजे वनस्पती जाळून ती राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून मिळणारा पदार्थ, आणि तो चांगलाच अल्कधर्मी असतो. भगंदरावर वापरतात ते क्षारसूत्र तर आघाड्याच्या क्षाराची पुटं दिलेला दोराच असतो. म्हणजे वनस्पतीचा तंतू आणि अल्क ही जोडी क्षार ह्या शब्दाखाली आपल्याकडे आधीपासून आहे, मला हे फार आवडतं. तरीपण रसायनशास्त्राच्या लेखात अल्कप्रक्रियाच लिहा. वाचकाच्या डोक्यात शाळेतला अर्थ पक्का बसलाय, त्याच्याशी भांडण्यात काही हशील नाही.

प्रतिसाद:
मी कापडाच्या धंद्यातला, म्हणून मर्सरायझेशनबद्दल बोलतो. क्षारप्रक्रिया आणि अल्कप्रक्रिया ही एकाच गोष्टीची दोन नावं, पण मर्सरायझेशन वेगळं. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये बघितलं की सुती कापड कडक कॉस्टिकमध्ये घातलं की धागा फुगतो, आखडतो, मजबूत होतो आणि रंगही जास्त धरतो, त्याचं पेटंट १८५० चं. चमक आली ती बरीच नंतर, १८९० च्या सुमाराला होरेस लो ह्याने कापड ताणून धरून तेच केलं तेव्हा. आमच्याकडे ह्याला लागणारं कॉस्टिक साधारण २० टक्क्यांच्या आसपासचं, आणि त्यात सेल्युलोजच्या, म्हणजे तंतू ज्याचा बनतो त्या मुख्य पदार्थाच्या, स्फटिकांची रचनाच बदलते, सेल्युलोज एक ह्या रूपाचं सेल्युलोज दोन हे रूप होतं, ते धुतल्यावरही परत पहिल्यासारखं होत नाही.

कंपोझिटवाले वापरतात ते बहुतेक वेळा ५ टक्क्यांच्या आसपास. एवढ्यात रचना बदलत नाही, मुख्यतः सेल्युलोजला चिकटून असलेलं हेमिसेल्युलोज, पेक्टिन, मेण आणि थोडंफार लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) निघतं, तंतूंच्या जुड्या सुट्या होतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो म्हणून रेझिनला धरायला जागा मिळते. ही खरं तर सफाई झाली. ह्याला मर्सरायझेशन म्हणायची पद्धत पडलीय, मोठमोठ्या रिसर्च पेपरांत सुद्धा दिसतं, पण मला ते पटत नाही कारण त्या नावाने वाचकाला वाटतं की आतलं सेल्युलोजच बदललं. कडक कॉस्टिक वापरून रचना खरोखर बदलली असेल तिथे मर्सरीकरण लिहा, नाहीतर अल्कप्रक्रिया. आणि टक्केवारी दिल्याशिवाय वाक्य संपवू नका, कारण कॉस्टिक जास्त झालं किंवा तंतू जास्त वेळ ठेवला तर तो मजबूत व्हायच्या ऐवजी कमजोर होतो. शिवाय सगळे तंतू सारखे नसतात, काथ्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या पुढेमागे आणि जवसाच्या तंतूत २-३ टक्के, एकाला चाललेलं दुसऱ्याला चालेलच असं नाही.

प्रतिसाद:
उपचार, प्रक्रिया, संस्करण ह्या भांडणात मी प्रक्रियेच्या बाजूने. शेतीत बघा ना, पेरण्याआधी बियाण्याला औषध चोळतात त्याला हिंदीत बीजोपचार म्हणतात पण मराठीत शेतकऱ्यापासून कृषी विद्यापीठापर्यंत सगळे बीजप्रक्रियाच म्हणतात. सांडपाण्यावरही प्रक्रियाच होते. मग तंतुप्रक्रिया का नको? कातणं, विंचरणं ह्याच्याशी गोंधळ होईल ही तुमची भीती बरोबर आहे पण त्यावर उपाय सोपा आहे, प्रक्रियेच्या आधी रसायनाचं नाव लावा. अल्कप्रक्रिया, सिलेनप्रक्रिया, परमँगनेटप्रक्रिया, कोणाला शंका राहणार नाही. ॲसिटिक ॲनहायड्राइडने करतात ते ॲसिटिलीकरण, तिथे तर प्रक्रिया शब्द पण लागत नाही. संस्करण वाचलं की मला आवृत्ती आठवते, ते सोडाच.

जाता जाता, तुम्ही ज्यूट लिहिताय ते तसंच ठेवा, ताग करू नका. भूगोलाच्या पुस्तकात ताग म्हणजे ज्यूट असतो पण हिरवळीच्या खताचा ताग हे वेगळंच झाड, त्याचाही तंतू निघतो.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता असं लिहिलंय, बघा बरं: 'ज्यूटच्या तंतूंवर ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने अल्कप्रक्रिया केली, मग तंतू पाण्याने धुतले, उरलेला अल्क पातळ ॲसिटिक आम्लाने मारला आणि तंतू वाळवले.' मारला बरोबर वाटत नाहीये. आणि तंतू आणि प्लास्टिक एकमेकांना धरून राहावेत म्हणून घालतात त्या कपलिंग एजंटला काय म्हणू?

प्रतिसाद:
क्षारवाला मीच परत. मारला काढा, 'आम्लाने उदासिनीकरण केलं' लिहा, पाठ्यपुस्तकातला शब्द आहे, सगळ्यांना कळतो. आणि बघा, ह्या पायरीला सोडियम ॲसिटेट तयार होतं, म्हणजे खराखुरा क्षार तुमच्या लेखात इथे येतो. आधी क्षारप्रक्रिया लिहिली असती तर आता क्षार उदासीन करून क्षार मिळाला असं लिहावं लागलं असतं. त्यानंतर पुन्हा साध्या पाण्याने धुतात तेही लिहा, तो क्षार तंतूवर राहायला नको.

प्रतिसाद:
कपलिंग एजंटला मी 'दुवा साधणारं रसायन' म्हणेन आणि पुढे सरळ कपलिंग एजंटच वापरेन, कारण लॅबमध्ये सगळे तेच म्हणतात. पण त्याचं काम काय ते मात्र उलगडून सांगा. तंतूच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात म्हणून तो जलस्नेही, आणि पॉलिप्रॉपिलीनसारखं प्लास्टिक जलविरोधी, दोघांचं जमत नाही. सिलेन हा असाच एक कपलिंग एजंट, त्याचा रेणू पाण्याशी अभिक्रिया होऊन सिलेनॉल बनतो आणि एका टोकाने तंतूच्या हायड्रॉक्सिलला धरतो, दुसरं टोक रेझिनशी जुळेल असं निवडलेलं असतं. ही अल्कप्रक्रियेच्या पुढची पायरी म्हणून बऱ्याचदा करतात, आधी मेण निघालेलं असलं की सिलेनला हायड्रॉक्सिल सापडतात.

फक्त एक सांभाळा. पॉलिप्रॉपिलीनला मॅलेइक ॲनहायड्राइड जोडून बनवलेला जो कपलिंग एजंट असतो तो पुष्कळदा तंतूवर लावतच नाहीत, प्लास्टिक वितळवून तंतू मिसळतात तेव्हाच त्यात टाकतात. तो काम तेच करतो, तंतू आणि प्लास्टिक ह्यांच्यातला दुवा, पण तसा वापरला असेल तर त्याला तंतुप्रक्रिया म्हणता येणार नाही, तंतूवर काही केलेलंच नसतं. लेखात त्याचा वेगळा परिच्छेद करा.