नखं काळी पडणं आणि ट्रेडमिलचा कंटाळा

पळून पळून पायाची नखं काळी पडतात म्हटलं की नवे बूट घ्यायचा सल्ला मिळतो, पण आधी लेस बघा. यवतेश्वरचा घाट उतरताना (साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळालेल्यांना वेगळं सांगायला नको) पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा दर पावलाला टोकावर आपटतो. घोट्याजवळचं ते जादा भोक बहुतेक जण रिकामंच सोडतात. त्यातून लेस ओवून टाच आवळली की सरकणं बरंच थांबतं. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. पावसाळ्यात सुती मोजे नकोच, भिजले की ओलेच राहतात आणि फोड हमखास. फोडावरची कातडी सोलू नका, तीच मलमपट्टी. मधुमेह असेल तर मात्र घरगुती प्रयोग बंद, थेट डॉक्टर.

पुलअप्सचे घट्टे: बार तळहाताच्या मध्यात नाही, बोटांच्या मुळाशी धरा. आंघोळीनंतर वजरीने हलकेच घासा, ब्लेड लावू नका.

ट्रेडमिलचा कंटाळा? समोरचा आकडा नॅपकिनने झाकून टाका. मी एक मिनिट जोरात, दोन मिनिटं सावकाश असं करतो, कानात जुनी क्रिकेट कॉमेंट्री. सावकाशीत वाक्य बोलता आलं पाहिजे. पोवाडा गाता येत असेल तर वेग वाढवा.