अबोला धरलेल्या जोडप्याला 'द ब्रेक-अप' दाखवावा का?

गोदाकाठ_नांदेड
नमस्कार मंडळी. आमच्या एका जवळच्या दोस्ताच्या घरी लई दिवसापासून अबोला चालू आहे. दोघंबी नोकरीवाले, फ्लॅट दोघांच्या नावावर, हप्ता दोघांच्या पगारातून जातो मनून घर सोडून कुणीच जायना. तो हॉलमधल्या दिवाणवर झोपायलाय, वहिनी आतल्या खोलीत. लेकरूबाळ अजून नाही. दोन्हीकडच्या पाहुण्यांची बैठक बसली, पण त्यात मामा लोकच जास्त बोलले, ह्या दोघांना कुणी तोंड उघडू दिलं नाही आन् उठताना 'आता नीट राहा' म्हणून सगळे चहा पिऊन गेले.

परवा मी 'द ब्रेक-अप' बघितला. २००६ चा आहे, जेनिफर ॲनिस्टन आन् विन्स वॉनचा. शिकागोतलं जोडपं, लग्न झालेलं नाही पण फ्लॅट दोघांचा, भांडण होतं, तुटतं, तरी घर कुणी सोडत नाही, मग एकाच घरात राहून एकमेकाला जाळायचं काम सुरू. तो बाहेरच्या सोफ्यावर आन् ती बेडरूममध्ये. बघताना काटाच आला अंगावर, सगळं आमच्या दोस्ताचं घर. माझी बायको म्हणते दोघांना जेवायला बोलवा आन् हाच लावा. मला भ्या वाटायलंय की शेवटाला जुळत नाही, तर उगंच तुटायची हिंमत यायची. काय करावं? ज्यांनी बघितलाय त्यांनी सांगा.

बालाघाटची_लेक
दाखवाच दादा. पण शेवटासाठी नाही, सुरुवातीच्या भांडणासाठी. ती बारा लिंबं आणायला सांगते आणि हा तीन घेऊन येतो, बघणाऱ्याला वाटतं एवढ्यावरून कुणी भांडतं का. घरी दोन्हीकडची माणसं जेवायला येणार असतात, ती दिवसभर काम करून आलेली आणि वर सगळा स्वयंपाक तिच्याच अंगावर, हा येऊन टीव्हीसमोर बसलेला. पाहुणे गेल्यावर ती म्हणते भांडी घासून टाकू, ह्याचं व्हिडिओ गेम चालू, म्हणतो उद्या बघू. शेवटी वैतागून उठतो की चल बाई घासतो, आणि तिथं ती म्हणते की नको, तुला स्वतःहून घासावं वाटलं पाहिजे. आणि त्याला खरंच कळत नाही की भांडी घासावं असं कुणाला कशाला वाटेल!!

हा सीन मी थांबवून परत बघितला. आपल्याकडं सणाला पुरणाची पातेली, कढया, तुपाच्या वाट्या, सगळी रास मोरीत पडलेली असते, पुरुष मंडळी पंगतीतून उठून ओट्यावर सुपारी कातरत बसतात आणि घरातली बाई एकटी राखेनं पातेलं घासत असते. तिला मदतीची अपेक्षाबी नसते हो बऱ्याचदा, कुणाच्या नजरेत तरी ती रास यावी एवढंच. त्या वहिनीला एकदा विचारा की तुमची लिंबं कोणती होती. बैठकीत हे कुणी विचारलं नसणार, मी पैजेवर सांगते.

उदगीरकर
ताईंशी सहमत, पण मी म्हणेन दोघांना एकत्र नका दाखवू. दोस्ताला एकट्याला दाखवा.

कारण सांगतो. ती त्याला एका बँडच्या कार्यक्रमाला बोलावते, म्हणजे तिच्या परीनं शेवटचा हात पुढं केलेला असतो, आणि हा जातच नाही. ती घरी येऊन रडते. त्याच्यानंतर त्याचा दोस्त बारमध्ये त्याला स्पष्ट ऐकवतो की तू कायम तुझंच खरं करत आलास. मग हा घर आवरतो, जेवण बनवतो, मनापासून माफी मागायला उभा राहतो, आणि तोवर तिच्याजवळ द्यायला काही उरलेलंच नसतं. ती ओरडत नाही, टोमणा मारत नाही. मला तर पूर्ण पिक्चरमधला सगळ्यात जड सीन तोच वाटतो. तुमच्या दोस्तानं तो बघावा कारण तो अजून कार्यक्रमाला न गेलेल्या टप्प्यावर आहे असं वाटायलंय.

आणि शेवटाची भीती नको, आधी ठरवलेला शेवट तर याच्याहून कोरडा होता, त्यात दोघं नवीन जोडीदारासोबत भेटतात. टेस्टला बघणाऱ्यांना तो आवडला नाही म्हणून परत शूट केला. आत्ताचा शेवट मला पटतो, रस्त्यात भेटतात, चांगलं बोलतात, पुढचं आपल्यावर सोडलंय. दिग्दर्शक पेटन रीडनं तिथं जबरदस्ती गळाभेट घातली असती तर आधीचं सगळं खोटं झालं असतं.

परभणी_तूर
एवढं जड कामून दाखवायलात गड्या, जेवायला बोलावून कुणी रडवतं का. 'जरा हटके जरा बचके' लावा, विकी कौशल आणि सारा अली खान, लक्ष्मण उतेकरांचा. इंदूरचं जोडपं, भरल्या घरात ह्यांना स्वतःची खोली नाही, मामा-मामी त्यांच्या खोलीत, मनून सरकारी योजनेतलं घर मिळावं यासाठी खोटा घटस्फोट घ्यायला जातात आणि ते खोटं खोटं म्हणता खरं व्हायला लागतं. हा २ जून २०२३ ला आला आन् तो शिकागोवाला अमेरिकेत २ जून २००६ ला, तारीख बी एकच. दोन्हीत भांडणाचं मूळ घरच आहे बघा. पण ह्यात शेवट गोड आहे, हसत हसत घरी जातील.

काळाकोट_लातूर
पिक्चरचं तुम्ही ठरवा, मी वकिली करतो म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण पाहुणे लोक बैठकीत चुकीचं सांगतात. एका घरात राहतात म्हणजे वेगळे नाहीत असं कायद्यात नाही. हिंदू विवाह कायद्यात कलम १३ब खाली संमतीनं घटस्फोटाला एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, पण १९९१ मध्येच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ते वेगळं राहणंच. अर्ज केल्यावरचे सहा महिने थांबायचे असतात तेही २०१७ च्या निकालानंतर योग्य केसमध्ये माफ होऊ शकतात.

हे घाबरवायला नाही सांगत. दिवाणवर झोपून दिवस काढणं म्हणजे काहीच होत नाही असं दोस्ताला वाटत असेल, तर तसं नाही, हे त्याला कळू द्या. आणि हप्ता चुकवू देऊ नका, बँकेला ह्यांच्या अबोल्याशी घेणंदेणं नसतं, कर्जावर दोघांची सही असेल तर दोघंही जबाबदार. कोर्टात जायची वेळ आलीच तर कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, तिथं मामा लोकांना बाहेर बसवून दोघांना वेगवेगळं ऐकतात. बैठकीत जे झालं नाही ते तिथं होतं, माझ्या बघण्यात अशी काही जोडपी परत घरी गेलीत.

गोदाकाठ_नांदेड
मंडळी मनापासून आभार. उदगीरकरांचं पटलं, शनिवारी दोस्ताला एकट्याला बोलावतो, लॅपटॉपवर लावतो आन् मी मधे बोलणार नाही. वहिनीला माझी बायको भेटणार आहे, ताईंनी सांगितलेलं लिंबाचं तीच विचारल. इंदूरवाला पिक्चर दोघं एका ताटात जेवायला लागल्यावर. वकीलसाहेब, मागच्या महिन्यातला हप्ता एकट्या वहिनीच्या खात्यातून गेलाय, त्याबद्दल तुम्हाला मेसेज टाकलाय, बघा जरा.