एकच विंडो ताणायची गरज नाही

दोन मॉनिटरवर एक्सेलच्या फायली शेजारी बघायच्या असतील, तर एक्सेलची एकच विंडो दोन्ही मॉनिटरवर ताणून बसवा, असं काही जण सुचवतात. २०१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत तेच करावं लागायचं, कारण सगळ्या फायली एकाच मोठ्या विंडोच्या पोटात उघडायच्या. २०१३ पासून प्रत्येक फाइलला स्वतंत्र विंडो मिळते. ती सरळ दुसऱ्या स्क्रीनवर ओढून न्या. विंडोज, शिफ्ट आणि डाव्या किंवा उजव्या बाणाची की एकदम दाबली तरी जाते.

खरा फायदा एकाच फाइलच्या दोन शीट शेजारी ठेवण्यात आहे. व्ह्यू टॅबमध्ये जाऊन न्यू विंडो घ्या, म्हणजे त्याच फाइलची दुसरी विंडो उघडते. मी डावीकडे कच्च्या नोंदी ठेवते, उजवीकडे गोषवारा. इकडे आकडा बदलला की तिकडची बेरीज डोळ्यांदेखत बदलते. चुका पकडायला याच्याइतकं सोयीचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

ऑल्ट दाबून एक्सेल दुसऱ्यांदा वेगळं सुरू करा, असाही सल्ला काही जण देतात, तो मात्र टाळाच. अशा दोन एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट केलं की फॉर्म्युले जात नाहीत, नुसते आकडे चिकटतात. माझा अख्खा मासिक हिशेब असाच गोठला होता, आणि ते कळलं पुढच्या महिन्यात, नव्या नोंदी भरूनही बेरीज हलेना तेव्हा.